अबोली रंगाचा कंप्युटर

आमच्या खानदानात 'कंप्युटरमधला' असा मी एकटाच. म्हणजे बाकीच्यांकडे कंप्युटर नाहीत असं नाही, पण कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या फोनमधली जागा संपली, कुणाला मुलासाठी लॅपटॉप घ्यायचा असला की फोन वाजतो तो माझाच. मी जावामध्ये बँकेचे रिपोर्ट बनवतो, प्रिंटरशी माझा काडीचा संबंध नाही, हे मी गेली पंधरा वर्षं सांगतोय. कोण ऐकतंय! आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. लग्नाकार्यात कोणीतरी 'जरा इकडे ये रे, एक विचारायचं होतं' म्हणून बाजूला घेतं तेव्हा छाती दोन इंच फुगतेच.

तर अशाच फुगलेल्या छातीने मी २०२१ च्या दसऱ्याला एक कंप्युटर जुळवला. त्याची ही गोष्ट.

सांगलीच्या मावशीचा फोन आला. तिची धाकटी कमर्शियल आर्ट शिकून घरी बसली होती. दोन वर्षं कोरोनात गेलेली, पुण्या-मुंबईला जाऊन नोकरी करायची सोय नव्हती. घरूनच पत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, लेबलं असली कामं करते म्हणाली. मावशी घरीच फॉल-पिको करते, गेली पंचवीस-तीस वर्षं. त्यातून साठवलेली एक एफडी तिने मोडली होती. साठ हजार.

"कमीत कमी पैशात चांगला घे बाबा," मावशी म्हणाली. "आणि परत परत खर्च नको काढायला."

आता 'ग्राफिक डिझाइनसाठी कंप्युटर' म्हटल्यावर माझ्या डोक्यात काय आलं असेल? ग्राफिक म्हणजे ग्राफिक कार्ड! शब्दातच आहे की. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलं असतं. शनिवारी सकाळीच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. २०२१ साल आठवत असेल तर ग्राफिक कार्डांचा तेव्हा दुष्काळ होता. चिपांची टंचाई, त्यात क्रिप्टोवाले होती नव्हती ती कार्डं उचलत होते. जीटीएक्स १६५० हे तसं बेताचं कार्ड, पण मी ते एकवीस हजारांना घेतलं आणि वर 'मिळालं एकदाचं' म्हणून खूश झालो. मग आय-फाइव्ह प्रोसेसर, बोर्ड, आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि एका बाजूने काचेचं, आत लाल-निळे दिवे लागणारं कॅबिनेट. एवढं झाल्यावर हातात जेमतेम सात हजार उरले. त्यात कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर बसवायचा होता. दुकानदार म्हणाला, "साब, मॉनिटर तो बाद में भी बदल सकते हो." मलाही पटलं. पावणेसहा हजारांचा साडेएकोणीस इंची मॉनिटर बांधून घेतला आणि कॅबिनेट मांडीवर घेऊन महालक्ष्मीने सांगलीला नेऊन पोचवलं.

जोडून, चालू करून दाखवलं तेव्हा मावशीने चष्मा सारखा करत विचारलं, "यात दिवाळीसारखे दिवे कशाला रे?"

यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

*

मधली चार वर्षं सोडून देऊ. अधूनमधून फोनवर विचारायचो, "काय गं, चालतोय ना कंप्युटर?" ती म्हणायची, "मस्त चालतोय दादा." विषय संपला.

२०२५ च्या गणपतीत सांगलीला गेलो होतो. एक फोन नंबर लिहून घ्यायचा होता म्हणून मावशीच्या शिलाई मशीनवरच्या पॅडमधला वरचा कागद फाडला. गिऱ्हाइकांच्या साड्यांना नाव-तारीख लिहून टाचायला ती वापरते तो पॅड, पाठकोऱ्या कागदांचा. कागद जरा जाडसर, गुळगुळीत लागला म्हणून उलटून पाहिला. मागे एका साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात. मांडणी सुरेख, अक्षरं सुरेख, पण मधली साडी आणि सगळी पार्श्वभूमी विटकरी. मळका, करपलेला विटकरी.

"हे कुणाचं गं?"

धाकटी काही बोलली नाही. मावशी मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अबोली व्हायला हवा होता तो."

मग हळूहळू बाहेर आलं. २०२२ ची दिवाळी. घराबाहेरच्या माणसाने दिलेलं तिचं पहिलं मोठं चाररंगी काम. दोन हजार पत्रकं. दुकानदाराचं म्हणणं एकच होतं, यंदा अबोलीची फॅशन आहे, तो रंग उठून दिसला पाहिजे. हिने स्क्रीनवर पाहून पाहून रंग जुळवला, व्हॉट्सॅपवर त्यांना दाखवला, त्यांनी अंगठा दाखवला, प्रेसला फाइल गेली. आणि गठ्ठे आले ते असे. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, त्यात त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. प्रेसचे साडेसहा हजार हिने भरले, तीन महिने थोडे थोडे करून. गठ्ठे घरी आले, त्यांचे मावशीने पॅड बांधून घेतले.

"आणि तेव्हापासून?"

"बिलबुकं करते ना," धाकटी म्हणाली. "पावत्या, लेटरहेड. एकरंगी काम बरं असतं दादा, त्यात चुकत नाही."

तीन वर्षं! चार वर्षं रंग शिकलेली पोरगी तीन वर्षं काळ्या शाईत पावत्या करत होती. तिला वाटत होतं आपली नजरच कच्ची. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही, कारण 'दादाने एवढा मांडीवर घेऊन आणलाय.'

त्या रात्री मी तो मॉनिटर पहिल्यांदा नीट पाहिला. म्हणजे विकत घेतल्यानंतर चार वर्षांनी.

*

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढच्या चांदण्यांवर उडी मारा, पण हा कंटाळा मी २०२१ मध्ये केला नसता तर बरं झालं असतं.

स्वस्त मॉनिटर बहुतेक टीएन पॅनेलचे असायचे. टीएन म्हणजे समोरून सरळ बघितलं तर ठीक, जरा उठून उभं राहिलं किंवा खुर्चीत खाली घसरलं की रंग बदलतो. वरून पाहिलं तर फिका, खालून पाहिलं तर काळपट. एकाच चित्राचा वरचा आणि खालचा भागही एकसारखा दिसत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, म्हणून माझ्यासारख्याला तो दिसतच नाही. आयपीएस पॅनेलमध्ये हा प्रकार फारच कमी.

दुसरं, हा मॉनिटर कारखान्यातून आला तसाच होता, ब्राइटनेस शंभरवर आणि रंगाची झाक निळी. दुकानात दहा मॉनिटर शेजारी लावले की जास्त उजळ आणि जास्त निळा तोच 'शुभ्र' वाटतो आणि विकला जातो. आता बघा काय होतं. स्क्रीन निळसर आहे, म्हणून अबोली त्यावर पुरेसा उबदार दिसत नाही. डिझाइनर काय करणार? लाल-पिवळा वाढवणार. स्क्रीन डोळ्यात जाईल इतकी उजळ आहे, म्हणून रंग फटफटीत वाटतो. डिझाइनर तो गडद करणार. दोन्ही दुरुस्त्या डोळ्यांना बरोबर, आणि कागदावर दोन्हींची बेरीज म्हणजे वीट! तिची नजर इतकी पक्की होती की तिने मॉनिटरची चूक अगदी तंतोतंत उलटी करून फाइलमध्ये भरली.

वर छपाईचे नियम वेगळेच. स्क्रीन लाल-हिरवा-निळा प्रकाश मिसळते, प्रेस सायन-मजेंटा-पिवळा-काळा या शाया. राणी, पोपटी, झगझगीत केशरी असले काही रंग चार शायांत पूर्ण उतरतच नाहीत, थोडे मलूल होणारच. आणि व्हॉट्सॅपवरचा अंगठा तर सोडूनच द्या. फोनची स्क्रीन रंग आणखीनच भडक करून दाखवते. फोनवर ओके झालेला रंग म्हणजे कागदावरच्या भांडणाचा इसार.

मॉनिटर घेताना खोक्यावर दोन शब्द शोधायचे. एक आयपीएस, दुसरा एसआरजीबी, आणि त्यापुढे ९५ टक्क्यांच्या वरचा आकडा. काही ठिकाणी एनटीएससी असं लिहिलेलं असतं. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी, ते चालतं. स्वस्त लॅपटॉपवर ४५ टक्के एनटीएससी असतं, ते रंगकामाला घेऊ नये, मग आत प्रोसेसर कितीही भारी असो. बरेचदा हा आकडा जाहिरातीत नसतोच, कंपनीच्या साइटवर तळाला बारीक अक्षरात असतो. आणि जिथे तो कुठेच लिहिलेला नसतो तिथे तो का लिहिलेला नाही हे समजून घ्यावं.

बरं, मग ते एकवीस हजारांचं कार्ड काय करत होतं? काही नाही. दिवे लावत होतं. पत्रिका, लोगो, लेबल हे सगळं वेक्टरचं काम, त्याला प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरतं. व्हिडिओ, थ्रीडी, एआयची चित्रं करायची असतील तर कार्ड हवं, नाहीतर नाही. मी म्हटलं, चला, कार्ड विकून टाकू आणि त्यात मॉनिटर घेऊ. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो, आणि प्रोसेसरचं नाव वाचलं. आय-फाइव्ह १०४०० एफ.

ज्यांना माहीत आहे ते आत्ता हसले असतील. इंटेलच्या नावातल्या त्या शेवटच्या 'एफ'चा अर्थ, यात ग्राफिक्स नाही. दीडेक हजार वाचतात म्हणून मी तो हौसेने घेतला होता. म्हणजे कार्ड काढलं तर स्क्रीनवर अंधार. निरुपयोगी कार्ड आणि ते काढताही येत नाही, अशी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. ऑफिसात कोणी असा कोड लिहिला असता तर मी रिव्ह्यूमध्ये पानभर लिहिलं असतं.

*

मशीन बदलायचं नाही असं ठरलं. वेगात त्याची काही तक्रार नव्हतीच. पहिल्या दिवशीच्या दोन गोष्टी फुकटात झाल्या. एक, प्रेसच्या पांढऱ्या कागदाचा तुकडा स्क्रीनशेजारी धरून ब्राइटनेस कमी करत गेलो, स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा सारखा दिसेपर्यंत. शंभरवरून तिसावर आला. दोन, रंगाचं सेटिंग 'कूल'वरून 'वॉर्म' केलं. त्यानंतर जुनी अबोलीची फाइल उघडली. स्क्रीनवर वीट दिसली.

पूर्ण वीट नाही, पण वीटच. धाकटी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला दिसलं असतं."

मी काय बोलणार! चहा घेतला.

खोलीतल्या दिव्याकडे मावशीने लक्ष वेधलं. ट्यूब स्वस्तातली एलईडी, तिच्याखाली लाल रंग मेल्यासारखे दिसतात. "अरे, ट्यूबलाइटखाली मॅचिंग करतं का कोणी?" ती म्हणाली. फॉलचा दोरा आणि ब्लाउजपीस जुळवताना ती साडी घेऊन आधी दारात जाते, उजेडात धरते, मग रीळ निवडते. मॅचिंग सेंटरमध्येही बायका पायरीवर जाऊन कापड बघतात, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. यालाच आपल्याकडे तांत्रिक भाषेत सीआरआय म्हणतात, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. ९० च्या वरचा दिवा काही शे रुपयांत मिळतो, तो आणला. साठ हजारांच्या खरेदीआधी मावशीला एक प्रश्न विचारला असता तर!

मॉनिटर डिसेंबरात घेतला. चोवीस इंची, आयपीएस, एसआरजीबी ९९ टक्के, साडेअकरा हजार. दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन गेलो होतो, त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी पट्ट्या. राखाडीत कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक दिसली तर तो मॉनिटर बाद. मग उभा राहून, बसून, बाजूने बघितलं. दुकानदाराला वाटलं माझी मान आखडली असावी. ओळखीच्या एका फोटोग्राफरकडे रंग मोजायचं यंत्र होतं, स्क्रीनवर ठेवायचं असतं ते. ते एका दिवसापुरतं मागून आणलं. विकत घ्यायला गेलं तर तेच मॉनिटरच्या भावात जातं, आणि महिन्यातून एकदा लागणार. असल्या गोष्टी मागून आणाव्यात, त्यात कमीपणा नाही.

रॅम वाढवायची होती. इथे मात्र वेळ वाईट निघाली. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या शेवटी साध्या रॅमचे भावही दुप्पट-तिप्पट झाले. शेवटी माझ्या घरच्या जुन्या डेस्कटॉपमधली आठ जीबीची पट्टी काढून तिच्यात लावली. सोळा झाली. किती लागते याचा हिशोब सोपा आहे. ए-फोर कागद ३०० डीपीआयला म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, साधारण ८७ लाख. दर ठिपक्याला चार शायांचे चार बाइट, म्हणजे एका थराला ३५ एमबी. वीस थर केले तरी सातशे एमबी. सोळा जीबीत हे आरामात बसतं. पण तोच पोरींचा नेहमीचा गोंधळ, दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स कोणी ३०० ला करायला घेतला तर एकच थर दहा जीबीच्या वर जातो आणि मग 'कंप्युटर स्लो आहे' म्हणून मला फोन येतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो, ७२ ला केला तरी चालतो. मग तोच थर सहाशे एमबीत बसतो. हजारो रुपयांची रॅम वाचते, तीही एक आकडा बदलून.

(पोरींचा म्हटलं ते मागे घेतो. मीच तसं एकदा सोसायटीच्या गणपतीच्या फ्लेक्सचं करून बसलोय.)

एक यूपीएसही घेतला, कारण सांगलीत वादळ-पावसाची वीज जातेच. ग्राफिक टॅबलेट घेऊ का म्हणून मीच विचारलं. ती म्हणाली, "दादा, मी कागदावर काढते आणि फोनवरून स्कॅन करते, राहू दे." मी गप्प बसलो. शिकतोय.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायला लाज वाटते, पण सांगतो. २०२१ मध्ये दुकानदाराने 'कोरल-फोटोशॉप डालके देता हूँ' म्हटलं आणि मी मान डोलावली होती. सॉफ्टवेअर लिहून ज्याचं घर चालतं त्याने! आता ते सगळं काढलं. इंकस्केप आणि स्क्रायबस घातलं, फोटोसाठी गिम्प. तिन्ही फुकट आणि तिन्ही कायदेशीर. पहिला महिना तिने मला शिव्या घातल्या असणार, कारण कोरलची सवय बोटांत असते आणि आपल्याकडचे प्रेसवाले 'सीडीआर पाठवा' असंच म्हणतात. पण अक्षरं कर्व्ह केलेली पीडीएफ दिली की बहुतेकांचं काम होतं. एक अडचण आहे. आम्ही घातलेल्या इंकस्केपमधून छपाईच्या चार शायांची पीडीएफ थेट निघत नाही, चित्र इंकस्केपमध्ये काढून रंग स्क्रायबसमध्ये द्यावे लागतात. वेळ जातो. ज्यांना एकाच ठिकाणी सगळं हवं त्यांच्यासाठी ॲफिनिटी आहे, कॅन्व्हाने ती कंपनी २०२४ मध्ये घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सॉफ्टवेअर फुकट केलं. फक्त कुठलंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात 'क्लृप्ती', 'कर्तृत्व', 'दुसऱ्या' एवढे तीन शब्द टाइप करून बघा. वेलांटी, रफार आणि जोडाक्षर जागेवर बसलं नाही तर मराठी पत्रिकेला त्याचा उपयोग शून्य. अडोबीवाल्यांनी अक्षरं फुटली तर घाबरू नये, त्यात दक्षिण आशियाई लिपींचा कंपोझर निवडावा लागतो.

फॉन्टही फुकट मिळतात आणि उत्तम मिळतात. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे मुक्त आणि बलू हे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत, धंद्यासाठी वापरायला मोकळे. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टांत केलेलं काम दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची भेळ होते, ती कटकट तरी वाचली.

हे वाचून कोणी शून्यापासून घेणार असेल तर, म्हणजे साठ हजारांची एफडी मोडायच्या आधी, माझं मत सांगून ठेवतो. मॉनिटर नवीन घ्या, मशीन जुनं घ्या. उलटं करू नका, जुन्या मॉनिटरचा दिवा वापरून वापरून पिवळा पडलेला असतो. कंपन्यांमधून निघालेली डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपी एलिटडेस्क जातीची छोटी खोकी बाजारात भरपूर आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणून सहावी-सातवीची मशीनं लोक मातीमोल विकतायत. विंडोजच हवं असेल तर त्यांच्या मोहात पडू नका, आठवी किंवा पुढची घ्या. लिनक्स चालणार असेल तर मात्र खुशाल पडा. रॅम आधीच सोळा असलेलं बघा, सध्याच्या भावात ती वेगळी घेणं जड जातं. आणि हो, नावाच्या शेवटी 'एफ' आहे का ते वाचा.

*

रंगाची भीती मात्र मॉनिटरने गेली नाही. नवीन स्क्रीन समोर असूनही धाकटी पावत्याच करत होती. "स्क्रीनवर काय, तेव्हाही बरोबरच दिसत होतं," ती म्हणाली. खरंच होतं ते.

यावर उपाय प्रेसमधल्या मशीनमनने सांगितला. म्हातारा माणूस, ऑफसेटवर हात काळे केलेला. म्हणाला, स्क्रीनवर बघूच नका, एक चार्ट छापून घ्या. मजेंटा शून्यापासून शंभर, पिवळा शून्यापासून शंभर, दहा-दहाच्या पायऱ्यांनी एकशे एकवीस चौकोन, प्रत्येकाखाली त्याचे आकडे. दुसऱ्या पानावर सायन घालून तसेच. कुणाच्या तरी कामाच्या कागदावर कडेला जागा उरली होती, तिथे त्याने ते छापून दिले, नेहमीच्या आर्ट पेपरवर, नेहमीच्या शाईने. पैसे घेतले नाहीत. आता रंग ठरवायचा तो या कागदावर बोट ठेवून, आणि फाइलमध्ये भरायचे ते आकडे. स्क्रीन फक्त मांडणीसाठी.

मावशीला हे लगेच कळलं. "म्हणजे शेड कार्ड," ती म्हणाली. तिच्याकडे दोऱ्यांचं असतंच.

संक्रांतीच्या आधी शेजारच्या बचतगटाच्या बायका आल्या. सांगलीची हळद दळून पाव-पाव किलोची पाकिटं करतात, त्यांना लेबल हवं होतं. लेबलावरचा पिवळा आतल्या हळदीसारखाच दिसला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक भेसळ समजतं, अशी अट. चाररंगी, तीन हजार नग. धाकटीने 'विचार करून सांगते' म्हटलं आणि मला फोन केला. मी कंप्युटरबद्दल काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. ती चार्ट आणि चिमूटभर हळद घेऊन दारात गेली होती.

"पिवळा शंभर," मावशी ओरडली. "आणि लाल वीसच्या जरा अलीकडे. अठरा घाल."

धाकटीने अठरा घातला. लेबलं आली, एक पाकीट मला ठाण्याला कुरियरने आलं. भाजीत संपवलं, पाकीट ठेवलंय. मॉनिटरचे पैसे नको म्हटलं होतं, तरी दर महिन्याच्या पाच तारखेला दीड हजार येतात, खाली एक शब्द लिहिलेला असतो, 'मॉनिटर'. अजून पाच हप्ते राहिलेत.